जीपच्या पुढच्या चाकांना फ्लॅप का नसावेत?



आपल्या अंकात लागण, खोडवा, ठिबक, उतारा आणि उसाचा दर यांवर बरेच लिहून येते, आणि ते यायलाच हवे. आज मात्र एका निराळ्या विषयावर चार शब्द लिहितो. विषय किरकोळ वाटेल. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांमागे रबरी फ्लॅप बसवावेत की नाही, एवढाच प्रश्न आहे. माझे मत सरळ आहे. बसवावेत, आणि मृगाच्या आधी बसवावेत. ज्यांच्या दारात जुनी जीप आहे त्यांनी हा अंक रद्दीत टाकण्यापूर्वी एवढे वाचावे.

मी आपल्याच कारखान्याचा सभासद. गावचा ऊस धाकटा भाऊ बघतो. मी गेली काही वर्षे निम्मा काळ मुलाकडे नालासोपाऱ्यात असतो, आणि आमची जुनी जीपही तिकडेच आहे. तेव्हा पुढे लिहिले आहे ते वसई-विरारच्या रस्त्यांवर पाहिलेले आहे. वसई आपल्याला फार परकी समजू नका. तिथल्या वाड्यांमधून एके काळी रहाटाच्या पाण्यावर केळी, पानवेली आणि ऊसही होत असे. आता वाड्या आटत चालल्या आणि इमारती वाढल्या. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. पण पाऊस आणि चिखल तेवढा जुनाच राहिला आहे!

पहिल्यांदा जीपविषयी थोडे. ही गाडी जन्मली लढाईसाठी. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. रणांगणावर कोणाच्या धोतरावर चिखल उडतो याची काळजी कोण करणार? पुढे मडगार्ड म्हणून सपाट पत्रा ठोकला आणि गाडी आघाडीवर पाठवली. लढाई संपत आली तशी विलिस कंपनीने १९४५ साली शेतकऱ्यांसाठी म्हणून मुलकी जीप काढली. पुढचा पत्रा मात्र तसाच आखूड राहिला. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्राने विलिसच्या जीपा मुंबईत जोडायला सुरुवात केली, पुढे कांदिवलीला कारखाना चालू झाला. नालासोपाऱ्याहून चर्चगेटची लोकल पकडली की हे कांदिवली वाटेतच लागते. १९५३ साली अमेरिकेत उंच बॉनेटची सीजे-३बी निघाली, तिचाच अवतार महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षे काढला. साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांनी उसाच्या नोंदी घेत हिंडवल्या त्या याच घराण्यातल्या जीपा. थोडक्यात, लष्कराच्या गाडीला आपण बाजारात आणले, तिच्यात शाळेची पोरे बसवली, लग्नाचे वऱ्हाड बसवले, पण पुढच्या चाकांमागची मोकळी जागा तशीच ठेवली.

त्या मोकळ्या जागेतून काय होते ते पाहा. चाक फिरते तेव्हा टायरला चिकटलेला चिखल सुटून मागे आणि वर फेकला जातो. वर जाणारा मडगार्डला लागतो. खालच्या अंगाने सुटलेला थेट मागे येतो, पायरीवर, बॉडीच्या कुशीवर, दरवाजे नसले तर बसणाऱ्याच्या पोटरीवर. सीजे-३बीच्या दोन चाकांतले अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या जरा वर. एवढ्या आखूड गाडीत पुढच्या चाकाने फेकलेला खडा मागच्या चाकाच्या कमानीवर खणकन वाजतो. बॉडीच्या खालच्या कडेला रंग उडालेले टपोरे डाग दिसतात ते बहुतेक या खड्यांचे. मागच्या चाकांना आपण हौसेने फ्लॅप लावतो, त्यावर कुलदैवताचे नाव लिहितो, पुढाऱ्याचे लिहितो, कोणी पोराचे लिहितो. पुढच्या चाकांना काही नाही. मला वाटते, मागचा फ्लॅप मागून येणारा वाचतो, पुढचा कोण वाचणार, असा हा हिशेब असावा.

आता वसईचा चिखल. या मुलखाच्या दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर. मधली जमीन सखल. खाजणे, मिठागरे, ओहोळ. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्यात भरतीची वेळ गाठली की पाण्याला जायला वाट नसते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढले, लोकल थांबल्या, आणि वसईच्या मिठागर वस्तीतली माणसे पाण्याने वेढली गेली, हे वर्तमानपत्रातून आपण वाचले असेल. पूर्वेला वालीव, कामण, पारोळकडे जावे तर रस्त्यावर खडी आणि दगडी कच. पश्चिमेला खाजणाच्या अंगाला काळा चिकट गाळ. या गाळात मीठ असते, आणि खरी गोम तिथेच आहे.

नुसता चिखल वाळला की पोपडा धरून गळून पडतो. मीठ मिसळलेला चिखल पूर्ण वाळतच नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे पत्र्याच्या घडीत बसलेला गाळ आठ आठ दिवस ओलसर राहतो आणि आतून लोखंड खातो. पुढच्या मडगार्डची मागची कड, पायरीचा सांधा, बॉडीची खालची दुमड, चासीला टेकलेले ब्रेकचे नळ, अशा न दिसणाऱ्या ठिकाणी त्याचे काम चालू असते. वरून रंग चांगला दिसतो. मग एक दिवस बोटाने दाबले की रंगाखाली पापडासारखा आवाज येतो. गॅरेजचा मेस्त्री म्हणतो, ‘पत्रा फुगलाय.’ पत्रा फुगला म्हणजे गेला. तिकडे इंग्लंडात १९४८ साली जीपवरूनच सुचलेली लँड रोव्हर निघाली तेव्हा लढाईनंतरच्या पोलादाच्या टंचाईमुळे तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची केली होती. त्यामुळे ती गंजाला जरा दाद देत नाही, खालची चौकट मात्र तिचीही लोखंडीच. आणि बघा, त्या गाडीचे मालकही पुढच्या चाकांमागे फ्लॅप बसवतात. आपली जीप तर नखशिखान्त लोखंडाची.

कोणी म्हणेल, हे कोकणचे दुखणे, आम्हांला घाटावर काय त्याचे? तर आपल्या नदीकाठच्या क्षारपड जमिनी आठवा. पाणी अति झाले आणि जमीन पांढरी पडली, त्या रानातून जीप हिंडली तर टायरला चिकटणारा चिखलही क्षाराचाच असतो. शिवाय जीपमधून खताची पोती आपण वाहतोच. तेव्हा हसू नये.

पण मला पत्र्यापेक्षा माणसांचे जास्त सांगायचे आहे. वसईचे जुने रस्ते अरुंद आहेत. पापडी, निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी, कुठेही जा. एका बाजूला वाडीचे कुंपण, दुसऱ्या बाजूला घराची ओटी, मधून रस्ता, आणि पायी चालणाऱ्याला वेगळी जागा नाही. पहाटे या रस्त्यांनी बायामाणसे फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या घेऊन स्टेशनकडे निघतात. ती फुले मुंबईच्या बाजारात विकायची असतात. मोगरा असो की सोनचाफा, त्यावर एकदा गढूळ पाणी उडाले की त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे जीपवाल्याने एक सेकंद वेग कमी केला नाही, तर त्या बाईचा दिवस गेला. जीपवाल्याला ते कळतही नाही. तो पुढे गेलेला असतो. आपल्याकडे पाणंदीत हेच चालते. जीप गेली की सायकलवरचा पोरगा शाळेचा सदरा झटकत उभा राहतो. जीप म्हणजे मोठेपण, अशी आपल्याकडे एके काळी समजूत होती. जीपमधून उतरला तो साहेब किंवा पुढारी. पायी चाललेल्याने बाजूला व्हायचे, हे ठरलेले. ती समजूत आता उतरली आहे, पण गाडी चालवण्याची सवय कुठे कुठे तशीच राहिली आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फ्लॅप लावला म्हणजे सगळे पाणी अडले, असे नाही. फ्लॅप मागे उडणारे अडवतो. डबक्यात चाक आपटले की टायरखालून दोन्ही बाजूंना जी पिचकारी सुटते ती फ्लॅपच्या बापाला अडणार नाही. तिला उपाय एकच, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलणे. मग फ्लॅपचा उपयोग काय? उपयोग असा की रस्ता नुसता ओला असतो, डबके नसते, आणि जीप मध्यम वेगाने चाललेली असते, तेव्हा जो सततचा फवारा उडत राहतो त्यातला पुष्कळसा हिस्सा पुढच्या चाकांचा असतो, आणि तो फ्लॅपने बसतो. मागून येणारा मोटरसायकलवाला चष्मा पुसत चालवतो तो या फवाऱ्यामुळे. खडेही अडतात. महामार्गाच्या कडेला खडी सांडलेली असते, त्यातला एक खडा शेजारून जाणाऱ्याच्या डोळ्याला लागला तर काय होईल, याचा विचार करावा.

याच कारणाने रुंद टायरांच्या फॅशनला माझा विरोध आहे. मूळ जीपचा टायर सहा इंची. तो मडगार्डच्या आत राहतो. आताची तरुण मंडळी जुनी जीप घेतात, सजवतात, कौतुक आहे. पण टायर घालतात असे की ते मडगार्डच्या बाहेर चार बोटे डोकावतात. अशा चाकाने उडवलेला चिखल आरशावर, काचेवर, आणि काच पुढे पाडलेली असेल तर चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. तो स्वतःच्या तोंडावर आला तर त्याचे मला दुःख नाही! शेजारच्याच्या तोंडावर येतो, हे दुःख आहे. टायर रुंद घालायचा तर मडगार्डची कड वाढवावी आणि फ्लॅपही तेवढाच रुंद लावावा. नाहीतर मूळचा टायर बरा.

गंमत अशी की हीच मंडळी पुढे लोखंडी नळ्यांचा भला मोठा गार्ड लावायला दहा-पंधरा हजार मोजतात. तसले गार्ड लावू नयेत, लावणाऱ्यांवर कारवाई करावी, असे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. रबराच्या फ्लॅपने ना इंजिन बदलते, ना चासी, ना बैठक. कायद्याची अडचण असलीच तर गार्डाला आहे, फ्लॅपला नाही. तरी गार्ड शोभेचा आणि फ्लॅप गबाळा, असे आपण ठरवून टाकले आहे.

फ्लॅपविरुद्ध जो खरा मुद्दा आहे तो जुन्या ड्रायव्हरांचा. ते म्हणतात, पुढचा फ्लॅप मागे घेताना चाकाखाली सापडतो. जीप बांधावरून किंवा फुटपाथच्या कडेवरून मागे घेतली की टायर फ्लॅपला चिमटीत धरून खाली ओढतो, आणि फ्लॅपबरोबर मडगार्डचा पत्राही वाकतो. हे खरे आहे. कामणच्या रस्त्यावर एका खड्ड्यातून गाडी मागे घेताना हेच झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण तो दोष फ्लॅपचा नव्हे, बसवणाऱ्याचा. मागच्या चाकाचे माप घेऊन पुढे फ्लॅप ठोकला तर असेच होणार. मागचे चाक वळत नाही, पुढचे वळते, हा साधा फरक गॅरेजात विसरला जातो.

म्हणून बसवण्याची रीत सविस्तर लिहितो. गाडी सपाटीवर उभी करावी. स्टिअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत वळवावे. डाव्या चाकाची मागची कड तेव्हा बाहेर येते. मग डावीकडे शेवटपर्यंत वळवावे, तीच कड आत पाट्यांकडे जाते. दोन्ही वेळा टायर मागे कुठवर पोचतो तिथे खडूने खूण करावी. एवढ्याने भागत नाही. एक चाक बांधावर किंवा मोठ्या दगडावर चढवून पाटा दबलेला असताना पुन्हा दोन्हीकडे वळवून पाहावे, कारण चाक वर गेले की जागा बदलते. या सगळ्या खुणांच्या मागे चार बोटे मोकळी जागा राहील अशा बेताने फ्लॅपची जागा ठरवावी. बाहेरचा खालचा कोपरा गोल कापला तर घासण्याचा संभव आणखी कमी होतो.

रुंदी टायरपेक्षा जास्त हवी. सहा इंची टायरला नऊ ते दहा इंच पुरे. लांबी जमिनीपासून वीतभर वर संपेल इतकी. जमिनीला टेकणारा फ्लॅप रुबाबदार दिसतो, पण चाकाखाली सापडतो तो तोच. फार आखूड ठेवला तर त्याच्या खालून चिखल निघून जातो. वीतभर हे माप मी बरेच प्रयोग पाहून सांगतो आहे. ज्यांना रानातच जास्त हिंडायचे आहे त्यांनी आणखी दोन बोटे वर घ्यावा.

नुसते रबराला भोक पाडून बोल्ट आवळू नये. महिन्याभरात भोक मोठे होते आणि फ्लॅप लोंबतो. रबराच्या मागेपुढे लोखंडी पट्टी घ्यावी, म्हणजे रबर दोन पट्ट्यांमध्ये दाबून बसते. बोल्ट गंज न धरणाऱ्या स्टीलचे, सहा मिलिमीटरचे, मोठे वायसर आणि नायलॉनच्या कड्याचे नट घालून. बोल्ट याहून जाड घेऊ नयेत. कधी फ्लॅप चाकाखाली सापडलाच तर बोल्ट तुटावा किंवा रबर फाटावे, पत्रा वाकू नये. ते नुकसान वीस-पंचवीस रुपयांचे, हे हजारांचे. चासीला भोक पाडायचे नाही, वेल्डिंगही मारायचे नाही. मडगार्डच्या दुमडलेल्या कडेला किंवा पायरीच्या ब्रॅकेटला पट्टी बसवावी. जिथे भोक पाडाल तिथे उघड्या लोखंडाला आधी रेड ऑक्साइड आणि मग रंग द्यावा. भोक कोरडे सोडले तर गंज त्याच वाटेने आत शिरतो, आणि मग फ्लॅपने वाचवले ते भोकाने घालवले असे होते.

आणखी एक. काही मेस्त्री फ्लॅप बॉडीला घट्ट चिकटवून बसवतात, दिसायला साफ म्हणून. तसे करू देऊ नये. फ्लॅप आणि पत्रा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट ठेवावी. नाहीतर तिथे गाळाचा खिसा तयार होतो, आणि मिठाचा गाळ तिथे बसला तर काय होते ते वर आलेच आहे. खाजणाकडून आलेली जीप त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, फ्लॅपच्या मागे पाण्याची धार मारून. बोअरचे पाणी मचूळ असेल तर त्याने धुण्यात अर्थ नाही. वसईत अशा बोअर पुष्कळ आहेत.

‘गाडी जशी आली तशी ठेवावी’ असे म्हणणारे शौकीन असतात. त्यांना जुन्या वस्तूविषयी प्रेम असते हे मी जाणतो. प्रदर्शनात उभी करायची जीप असेल तर त्यांनी ती खुशाल बिनफ्लॅपची ठेवावी. पण जी जीप जुलैत रस्त्यावर येते तिला हा नियम लावता येत नाही. काळा रबरी फ्लॅप, त्यावर काही लिहिलेले नाही, सहा बोल्ट काढले की निघणारा. मूळ रूपाला त्याने कोणता बाध येतो?

राहता राहिला खर्च. बाजारात तयार फ्लॅप मिळतात, पण ते बहुतेक पातळ प्लॅस्टिकचे. उन्हाने कडक होतात आणि पहिल्याच दगडाला तडकतात. चांगले रबर आपल्या कारखान्यातच आहे. साखरेची पोती गोदामाकडे नेणारा रबरी पट्टा झिजला की बदलतात, आणि जुना पट्टा भंगारात जातो. आत कापडाचे पदर असलेले ते रबर वर्षानुवर्षे टिकते. फार जाड पट्टा मात्र घेऊ नये. पाच-सहा मिलिमीटर जाडी पुरे, म्हणजे एका फ्लॅपचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास राहते. त्याहून जड झाला तर खड्ड्यात हिसके बसून मडगार्डची कड चिरते.

माझी संचालक मंडळाला अशी सूचना आहे की हा जुना पट्टा एकगठ्ठा भंगारवाल्याला देण्याऐवजी त्यातले बरे तुकडे स्टोअरने बाजूला काढावेत आणि भंगाराच्याच भावाने सभासदांना विकावेत. जीपवाले थोडे असतील, पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवाल्यांनाही ते लागतील. ट्रॉलीच्या चाकांमागे काही नसते, आणि हंगामात त्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. शेतकी खात्याच्या गाड्यांना सुरुवातीला बसवावेत, म्हणजे सभासदांना नमुना पाहता येईल.

पट्टा कापताना विळा किंवा करवत वापरू नये, कापडाचे पदर सुटतात. धारदार सुरीला साबणाचे पाणी लावत, लोखंडी पट्टीच्या कडेने, एकाच रेषेवर तीन-चार वेळा सुरी ओढावी. कड साफ येते. भोके तापलेल्या सळईने पाडावीत, आणि ती उघड्यावर पाडावीत, धूर फार होतो.